पास्ता वाचावा, मासे खावेत

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी भात-पोळीवर कात्री चालवली, त्याच सुमारास आन्द्रेया कामिल्लेरींच्या कादंबऱ्या हाती लागल्या. पथ्य आणि पुस्तकं असा दुहेरी संसार तेव्हापासून सुखानं चालू आहे. त्यातून जे हाती लागलं, ते असं:

१. पास्ता वाचून साखर वाढत नाही.

कामिल्लेरींनी मोन्ताल्बानोची पहिली कादंबरी १९९४ साली छापली, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. सिसिलीतल्या विगाता या काल्पनिक गावचा हा पोलीस अधिकारी. घरी स्वयंपाकाला येणारी आदेलीना काहीतरी करून झाकून ठेवते आणि हा रात्री येऊन फ्रीज उघडतो. तो क्षण कामिल्लेरी प्रेताच्या तपासाइतक्याच गांभीर्यानं लिहितात. वांगी घालून भाजलेला पास्ता, सार्डीनचा पास्ता, सगळं तो खातो. आपण वाचायचं. पथ्याच्या दिवसांत असं वाचणं म्हणजे छळ, असं माझी बहीण म्हणते. मला उलट वाटतं. जिभेची अर्धी हौस डोळे भागवतात.

२. इटालियन जेवण म्हणजे पास्ता नव्हे.

आपल्याकडच्या हॉटेलांनी हा गैरसमज पक्का करून ठेवलाय. तिथल्या रीतसर जेवणात पास्ता किंवा रिसोत्तो आधी येतो, त्याला ‘प्रीमो’ म्हणतात. तो संपला की मासा किंवा मटण, म्हणजे ‘सेकोंदो’, आणि त्याच्या जोडीला भाजी. आपल्या ताटातून पोळी आणि भात काढला तर भाजी-आमटी कशाशी खायची हा प्रश्न पडतो. तिथे पास्ता वेगळा वाढतात, त्यामुळे तो वगळला तरी पुढचं सगळं जागच्या जागी राहतं. एका माणसाच्या ८० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढी एका फटक्यात वाचतात. (मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली जाणं हेही दुखणंच आहे.)

३. खोटा पास्ता करू नये.

झुकिनीच्या शेवया, कोबीच्या पट्ट्यांचा लझान्या. नको. झुकिनी ऑलिव्ह तेलात लसणावर परता आणि झुकिनी म्हणूनच खा.

४. वांग्याला पर्याय नाही.

सिसिलीच्या आणि नेपल्सच्या स्वयंपाकात वांगं इतकं मुरलंय की आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. भरताचं मोठं वांगं घ्यावं, बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या कराव्यात, मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवाव्यात आणि मग फडक्यात दाबून कोरड्या कराव्यात. दाबलेलं वांगं तेल कमी पितं. पुष्कळ घरांत चकत्या मैद्यात घोळवतात. तो मैदा आपण विसरायचा. तळलेल्या चकत्या, टोमॅटोचा दाट रस, मोझरेला, किसलेलं पार्मेजान आणि तुळशीची इटालियन बहीण बेझिल असे थर द्यायचे आणि ओव्हनमध्ये वरचं चीज तांबूस होईपर्यंत ठेवायचं. हीच ‘पार्मिजाना’. आपले टोमॅटो आंबट असले तर साखरेकडे हात जातो. त्याऐवजी रसातला कांदा मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतावा, गोडवा आपोआप उतरतो.

कापोनाता हा दुसरा प्रकार. वांगं, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर आणि व्हिनेगर. मूळ पाककृतीत साखर असते. चिंचगुळावर वाढलेल्या जिभेला ती हवीशीही वाटते. चार माणसांच्या भाजीत मी एक लहान चमचा घालते आणि पुढे जाते. ही भाजी गरम खाऊ नये. दुसऱ्या दिवशी गार खावी.

५. माशाला रवा लावायचा हात आवरावा.

हे मला सगळ्यात जड गेलं. कोकणी घरात मासा म्हटलं की रवा किंवा तांदळाचं पीठ आलंच. सिसिलीत भाजलेल्या माशावर ‘साल्मोरील्यो’ ओततात: ऑलिव्ह तेल, लिंबू, ठेचलेला लसूण, ओरेगानो, पार्सली. बांगड्यावर हे इतकं जमतं की सांगता सोय नाही. बांगडा पुसून अगदी कोरडा करायचा, बिडाचा तवा चांगला तापवायचा आणि मासा स्वतःहून तवा सोडेपर्यंत उलथनं लावायचं नाही.

६. गुन्हेगार गजाआड जाईलच असं नाही.

इंग्रजी रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकानं हे आधीच मनाशी धरावं. लेओनार्दो शाशा यांच्या १९६१ च्या कादंबरीत कॅप्टन बेल्लोदी खून उलगडतो. पण माफियाचे हात वरपर्यंत पोचलेले, खटला विरघळून जातो. कार्लो एमिलिओ गाद्दांची रोममधली कादंबरी, १९५७ ची, गुन्ह्याचा छडा न लावताच थांबते. कोणी केलं हे कळणं आणि न्याय मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथला लेखक गृहीतच धरतो. मोन्ताल्बानो तर कधीकधी कायदा वाकवून स्वतःच न्याय करून टाकतो. तो मला आवडतो, पण त्याच्या हाताखाली नोकरी करायची वेळ येऊ नये.

डॉना लिऑन यांचा व्हेनिसमधला ब्रुनेत्ती सौम्य. दुपारी जेवायला घरी जाणारा पोलीस अधिकारी आपल्याला कुठे वाचायला मिळतो? लिऑन मूळच्या अमेरिकन, आणि आपली पुस्तकं इटालियनमध्ये येऊ देत नाहीत. हे वागणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

७. साधा दिसणारा आरोपी तपासावा.

पावाचा चुरा. सार्डीनच्या पोटात तो, मटणाच्या गोळ्यांत तो, भाज्यांच्या सारणातही तोच. बाटलीबंद टोमॅटो सॉसमध्येही बरेचदा साखर दडलेली असते, तेव्हा लेबल वाचावं. चुऱ्याच्या जागी मी भरड कुटलेले बदाम वापरते. चव तीच येत नाही, पण वाईट नाही.

८. जेवताना बोलू नये, जेवल्यावर चालावं.

मोन्ताल्बानो जेवताना कोणी बोललं तर वैतागतो. जेवण झालं की धक्क्यावरून थेट दीपगृहापर्यंत चालत जातो आणि तिथे खडकावर बसतो. तो पोट हलकं व्हावं म्हणून चालतो. जेवणानंतरच्या चालण्यानं साखरही कमी चढते, हे त्याच्या ध्यानीमनी नसावं. आमच्या सोसायटीत समुद्र नाही, पार्किंग आहे.

९. आरान्चीनींना माफी.

भाताच्या गोळ्यात मटण भरायचं, पावाच्या चुऱ्यात घोळवायचं आणि तळायचं. पथ्याच्या दृष्टीनं हा सराईत गुन्हेगार. पण कामिल्लेरींच्या एका कथेत आदेलीना हे करायला दोन दिवस घेते, आणि वर्षअखेरीला पॅरिसला बोलावणाऱ्या प्रेयसीला सोडून मोन्ताल्बानो त्या पानावर बसतो. त्यासाठी आधी आदेलीनाच्या मुलावरचा आळ त्याला खोडून काढावा लागतो. एकतीस डिसेंबरला मी हे करते. पथ्याचा विषय त्या रात्री घरात कोणी काढत नाही, आणि बहीण न बोलावता येते.