कोळशाचा धागा : कापडवाल्यांनी ओळखावा असा नवा माल

विमानाचा पंख, पवनचक्कीचे पाते, शर्यतीची सायकल आणि अपंगाचा कृत्रिम पाय या चार वस्तूंत समान काय, असे विचारले तर कोणी लोखंडाचे नाव घेईल, कोणी प्लॅस्टिकचे. खरे उत्तर आहे कापड. हे कापड कार्बनच्या, म्हणजे कोळशाच्या धाग्याचे असते. कापडाच्या धंद्यातील आम्हा लोकांना याची माहिती असलीच पाहिजे, कारण या हुन्नराचे मूळ आपल्याच मागावर आहे.

हा धागा होतो कसा?

आपल्या ओळखीच्या अ‍ॅक्रिलिक धाग्याच्याच जातीचा एक खास धागा घेतात. तो ताणून धरून दोनशे ते तीनशे अंश तापमानाच्या हवेत भाजतात. मग हवा अजिबात नसलेल्या, नायट्रोजन भरलेल्या भट्टीत तो हजार अंशांहून जास्त तापवतात. बाकीचे घटक उडून जातात आणि कार्बन तेवढा उरतो. वजन जवळजवळ निम्मे होते. एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो. पोलादाच्या पाव वजनाहूनही तो हलका, पण लांबीच्या दिशेने ओढला तर साध्या पोलादाला कितीतरी पट भारी पडतो.

जपानमधील ओसाकाच्या सरकारी प्रयोगशाळेत अकियो शिंदो यांनी १९५९ च्या सुमारास ही रीत शोधली. १९७१ पासून तोरे कंपनीने तिचा व्यापारी माल काढला. ही तोरे मूळची 'टोयो रेयॉन', म्हणजे रेयॉनचा धागा बनवणारी कंपनी. धाग्याच्या व्यापाऱ्यानेच पुढे विमानाचा माल पुरवला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वीण तीच, हिशेब वेगळा

या धाग्याला काउंट लावत नाहीत. एका पेडात किती हजार तंतू आहेत ते पाहतात. ३के म्हणजे तीन हजार, १२के म्हणजे बारा हजार. ताणा-बाणा, सादी वीण, ट्विल, सॅटिन हे सर्व आपल्या माहितीतलेच. मात्र धागा ठिसूळ असल्याने धोट्याच्या मागावर तो टिकत नाही. त्यासाठी रेपियर माग सुधारून हळू चालवतात.

नुसते कापड कामाचे नाही. इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये भिजवून, साच्यात दाबून, तापवून ते घट्ट करतात. यालाच कंपोझिट म्हणतात. ताकद धाग्याच्या दिशेनेच मिळते, म्हणून थर आलटून पालटून वेगवेगळ्या दिशांनी लावावे लागतात. दिशा चुकली की मालाची ताकद गेली.

एका मोठ्या कंपनीचा धडा

इंग्लंडच्या रोल्स-रॉईसने आरबी-२११ या विमान इंजिनासाठी कार्बनची पाती बनवली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. इंजिनाचा खर्च आधीच ठरलेल्या भावापलीकडे गेला होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले व सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. माल खोटा नव्हता. ओढीला मजबूत असलेला माल ठोकरीलाही मजबूत असेलच असे नाही, आणि भाव आधी बांधून प्रयोग मागून करणे धोक्याचे, हे त्यातून कळले.

पुढे १९९५ मध्ये जीई-९० इंजिनात धातूची कड लावलेली कंपोझिट पाती यशस्वी झाली. २०१६ पासून उडणाऱ्या लीप इंजिनाची पाती तर जॅकार्ड मागावर जाडीसकट त्रिमितीय विणली जातात, जेणेकरून थर सुटू नयेत. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे निम्मे वजन कंपोझिटचे आहे. जर्मनीत ड्रेस्डेन येथे २०२२ मध्ये लोखंडी सळईऐवजी कार्बनची जाळी घातलेल्या काँक्रीटची इमारत उभी राहिली. सळईसारखा गंज नसल्याने तिच्या भिंती पातळ ठेवता येतात.

आपल्यासाठी वाट कोणती?

आपल्या देशात तेजस विमानात हा माल मोठ्या प्रमाणात वापरला आहे. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. परंतु विमानाच्या मालाला मंजुरी मिळण्यात वर्षे जातात. छोट्या कारखानदाराने जवळचे गिऱ्हाईक पाहावे: जुन्या इमारतींचे खांब व तुळया बळकट करण्यासाठी गुंडाळायचे कापड, कृत्रिम अवयव, खेळाचे सामान, यंत्रांचे हलके भाग.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्या बंधूंना आमचे सांगणे असे :

१. सुरुवात काचेच्या धाग्याच्या कापडाने करावी. रेझिन आणि साच्याचे काम बरेचसे तेच, आणि माल कितीतरी स्वस्त. हात बसला की मग कार्बन घ्यावा.

२. बाजारात काळ्या रंगाचे काचेचे कापड आणि कार्बनची नक्षी छापलेला पातळ कागद 'कार्बन' म्हणून खपतो. कार्बनमधून वीज वाहते, काचेतून नाही. कापलेल्या कडेला मल्टिमीटर लावला की खरे-खोटे कळते.

३. कार्बनची धूळ वीज वाहून नेते. ती मोटारीत किंवा पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्टसर्किट होते. काम वेगळ्या खोलीत, बंद पॅनेल ठेवून करावे. कारागिरास मास्क, चष्मा व हातमोजे द्यावेत, कारण इपॉक्सीने कातडीला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते.

४. अ‍ॅल्युमिनियमला कार्बन थेट चिकटवू नये. ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम खराब होते. मध्ये काचेच्या कापडाचा थर द्यावा.

५. घरचे दागिने गहाण ठेवून माग आणू नये. आधी गिऱ्हाईक, मग नमुना, मग नमुन्याची चाचणी आणि शेवटी यंत्र, हा क्रम सोडू नये.

साध्या कापडाच्या भावात आज नफा किती उरतो हे आपण सारे जाणतो. विणकाम आपल्याला येतेच, धागा मात्र नवा आहे. तेव्हा आपल्या शिकलेल्या मुलांना मागापासून दूर नेण्याऐवजी त्यातील एकाला तरी वस्त्र-तंत्रज्ञान आणि रेझिनचे काम शिकवावे. वडिलांचा तजुर्बा आणि मुलाचे शिक्षण एकत्र आले तरच हा धंदा पुढच्या पिढीला पोसू शकेल.