शेतमाल वाहतूक: गाडीआधी हंगाम मोजावा

लातूर आणि नांदेड या शहरांची ओळख बारावीच्या स्पर्धेशी इतकी घट्ट जुळली आहे की ‘लातूर पॅटर्न’बाहेरचा कोणताही मार्ग पालकांना माघारीसारखा वाटतो, वास्तविक या शहरांचे अर्थकारण शिकवणीवर्गांच्या कितीतरी आधीपासून मोंढ्यावर, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारपेठेवर, उभे आहे आणि शिवारातला माल तेथवर पोहोचवणाऱ्या वाहतूकदाराविना मोंढा एक दिवसही चालत नाही.

गाडी घेतली म्हणजे व्यवसाय सुरू झाला, हा या क्षेत्रातील सर्वांत महागडा गैरसमज होय. वाहतूकदार विकतो तो गाडीचा दिवस, आणि दारात उभ्या राहिलेल्या गाडीचा दिवस पोत्यातल्या तुरीसारखा भाव येईपर्यंत राखून ठेवता येत नाही. समजा, एखाद्या पिकअपचा मासिक हप्ता 18,000 रुपये आहे आणि विमा, कर, टायर, दुरुस्ती यांचा मासिक वाटा 9,000 रुपये येतो; महिन्यात 18 दिवस काम मिळाले तर डिझेल आणि चालकाचा पगार वगळूनही प्रत्येक कामाच्या दिवसावर 1,500 रुपयांचा भार पडतो, आणि कामाचे दिवस नऊवर आले की हाच भार 3,000 रुपये होतो. भाड्याचा दर मात्र मंदीच्या महिन्यात चढत नाही, उलट उतरतो.

त्यामुळे इच्छुकाने प्रथम अभ्यास करावा तो आपल्या पंचक्रोशीतील पिकांच्या वेळापत्रकाचा. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघते. त्या पंधरवड्यांत प्रत्येकाला गाडी आजच हवी असते, परतीचा पाऊसही त्याच सुमारास गाठतो, आणि भिजलेल्या मालाला ओलाव्यामुळे भाव पडत असल्याने चांगली ताडपत्री बाळगणारा वाहतूकदार दोन पैसे कमी घेणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा ठरतो. पुढे तूर आणि त्यापाठोपाठ हरभरा लातूरच्या आडत बाजाराकडे व डाळमिलांकडे जातो. उन्हाळ्यात शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद नांदेड, वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत येते. जूनमध्ये प्रवाह उलटा होतो आणि शहरातून खेड्यांकडे बियाणे व खताची पोती निघतात. मंदीच्या पावसाळी आठवड्यांत अर्धापूर परिसरातील केळी आधार देऊ शकते, कारण श्रावणातल्या उपवासांमुळे तिची मागणी वाढते. मात्र केळी हा हाताळणीचा माल आहे, तो सोयाबीनच्या कट्ट्यांसारखा फेकून भरला तर नुकसान भाड्यापेक्षा मोठे होते. नफा ठरतो तो परतीच्या भाड्यावर, म्हणजे माल उतरवून रिकामी येणारी गाडी भरून आणण्यावर. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेड, यवतमाळमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या 361 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गामुळे ही संधी वाढली असली तरी ती आडत्यांशी आणि कृषी सेवा केंद्रांशी असलेल्या ओळखीतूनच हाती लागते.

उसाच्या वाहतुकीकडे मात्र नवख्याने बेताने पाहावे. कारखान्याचे काम हंगामभर सलग मिळते हे खरे. परंतु तोडणी टोळीच्या मुकादमाला वाहतूकदाराने ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि टोळी आलीच नाही तर ती बुडण्याचा धोका त्याच्याच माथी राहतो.

कायद्याने मालवाहू वाहन चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीनंतरची ही दोन वर्षे पालकांना वाया गेल्यासारखी वाटत असली, तरी आयटीआयचा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रम आणि एखाद्या अनुभवी वाहतूकदाराकडे एका पूर्ण हंगामाची उमेदवारी यांसाठी ती नेमकी पुरतात. एकूण भारासह 3,000 किलोपर्यंत वजन असलेल्या मालवाहू वाहनास परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही; पिवळी नंबरप्लेट, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा मात्र टळत नाही. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद असल्याने ‘एवढे चार कट्टे बसतील’ हा आग्रह नाकारता आला पाहिजे. केवळ शेतीकामासाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने फिरवणे किंवा पिकअपच्या हौद्यात मजूर बसवून नेणे या ग्रामीण भागात सर्रास दिसणाऱ्या गोष्टी आहेत; मालासोबत त्याचा मालक किंवा प्रतिनिधी असणे वेगळे, परंतु इतरांना बसवले असता अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारते आणि भरपाई वाहनमालकाच्या अंगावर येते.

भांडवलासाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून मालवाहू वाहनालाही विनातारण कर्ज मिळू शकते आणि ‘तरुण’ गटातील मर्यादा 10 लाख रुपये आहे. राज्यात 2019 पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे, तर अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ पात्र उमेदवारांना व्याजाचा परतावा देते. हे पर्याय तपासण्याआधीच सातबाऱ्यावर बोजा चढवून नवी कोरी गाडी आणण्याची घाई अनेक घरांत होते. त्याऐवजी पहिली गाडी चांगल्या स्थितीतील जुनी घ्यावी, आणि तिची फेरीनिहाय वही वर्षभर ठेवावी, ज्यात किलोमीटर, डिझेल, भाडे, उधारी आणि रिकामी परतलेली प्रत्येक फेरी तारखेसह नोंदलेली असेल. दुसऱ्या कर्जासाठी बँकेच्या शाखेत जाताना हीच वही सोबत न्यावी.