धनुष्य घ्यायचंय? आधी खर्च मांडा

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांत वाटाड्या घेऊन धनुष्यबाणाने जावेलिनाची शिकार करतात. दिसायला आपल्या रानडुकराचा लहान भाऊ. असले व्हिडिओ बघून विरार-नालासोपाऱ्यातल्या कुणाला धनुष्य घ्यावंसं वाटलं, तर हौसेला मोल नाही म्हणून सोडून देऊ. पण कायदा आधी वाचावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. वसई-विरारजवळचं तुंगारेश्वर तर अभयारण्यच आहे. तिथे शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षांची कैद. रानडुक्कर पिकांची नासाडी करतो हे खरं, पण त्याच्या बंदोबस्ताची परवानगी वनखातं देतं, तीही शेतकऱ्याच्या अर्जावर.

मग उरते तिरंदाजी, आणि ती काही कमी नाही. २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत कंपाउंड (चाकांच्या धनुष्याच्या) प्रकारातले जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५०पैकी १५० गुण घेतले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आली आहे.

धनुष्य तीन प्रकारचं. पुढचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत, दुकानागणिक फरक पडेल. सर्वांत स्वस्त ‘इंडियन राउंड’ या देशी स्पर्धाप्रकाराचं, बांबू-लाकडाचं; ३ ते ८ हजार धरा. त्याला नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. आपल्याकडच्या वारली पाड्यांवरच्या तीरकमठ्याचं हे लांबचं नातलग, पण खेळाच्या मापाने बांधलेलं. दुसरं रिकर्व्ह, ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून मारतात ते. शिकाऊ लाकडी संच १० ते १८ हजारांत बसतो, धातूच्या रायझरचा, म्हणजे मुठीच्या भागाचा, मधला संच ३५ ते ६० हजारांत, आणि राष्ट्रीय पातळीवर खेळायचं तर दोन-तीन लाखांची तयारी ठेवा. तिसरं चाकांचं कंपाउंड. त्याची सुरुवातच ४०-५० हजारांच्या पुढे. मुलाने नुसता हट्ट धरला म्हणून पहिलंच कंपाउंड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर पहिले चार-सहा महिने कुठलंच धनुष्य घेऊ नका. क्लबचं वापरा. कारण साधं आहे: ताण. धनुष्याचा ताण पौंडांत मोजतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला १४ ते १८ पौंड पुरतात, मोठ्या माणसाला २० ते २६. पाठीचे स्नायू तयार झाले की तोच ताण हलका वाटू लागतो आणि लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या लवचिक भुजा, बदलाव्या लागतात. मूल वाढतं तसा हातही लांबतो, म्हणजे धनुष्याची लांबीही बदलते. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून आज ३० पौंडांचं घेतलंत, तर मूल खांदा उचलून ओढायला शिकेल. ती सवय मोडायला पुढे बराच वेळ जातो. घ्याल तेव्हा आयएलएफ जोडणीचा रायझर घ्या; पुढे दुसऱ्या कंपनीचे लिम्बही त्यावर बसतात.

उजव्या हाताचं की डाव्या, हे डोळा ठरवतो. दोन्ही तळवे जोडून मध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो तुमचा मुख्य डोळा. दुकानदार हे विचारत नाही.

जुनं धनुष्य घेणार असाल तर दोरी चढवून टोकाकडून एका डोळ्याने बघा. दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध गेली पाहिजे. बाजूला सरकली असेल तर लिम्ब पिळलेलं असण्याची शक्यता आहे. कडेवरून बोट फिरवा, चीर हाताला लागते. आणि दुकानात बाण न लावता दोरी ताणून सोडू नका. तो ताण बाणाऐवजी लिम्बवर जातो.

हिशोबात विसरली जाणारी बाब म्हणजे बाण. धनुष्य एकदा घेता, बाण हरवत-मोडत राहतात. साधा कार्बन बाण ६०० ते १,००० रुपयांना धरा, डझनभर तरी लागतात. अव्वल खेळाडूंचा एक बाण ४-५ हजारांवर जातो. बाणाचा कडकपणा धनुष्याच्या ताणाशी जुळावा लागतो, म्हणून लिम्ब बदलले की कधीकधी बाणही बदलतात. बोटांचा टॅब, हाताचा गार्ड, भाता आणि दोरीचं मेण मिळून दोन-तीन हजार.

शिकवणीला महिना दीड ते चार हजार धरा, पण फी बघून क्लब निवडू नका. लक्ष्यामागे भिंत किंवा बांध आहे का, सगळे बाण मारून होईपर्यंत पुढे जायची मनाई पाळतात का, हे एक दिवस उभं राहून बघा. हे नसेल तर फुकट शिकवत असले तरी परत या.

क्लब बोरिवलीपलीकडचा असला तर लोकलचाही विचार करा. रिकर्व्ह सुटं करून पाठीवरच्या पिशवीत मावतं. अखंड बांबूचं धनुष्य पाच फुटांहून लांब असतं. सकाळच्या विरार लोकलमध्ये ते घेऊन चढणं म्हणजे धनुष्यही जाणार आणि शेजाऱ्याशी भांडणही होणार. मोकळ्या मैदानावरचा सराव पावसाळ्यात बहुतेक बंद पडतो आणि वसईची खारी हवा धातूच्या स्क्रूंना गंज आणते, म्हणून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, लाकडी धनुष्याची दोरी काढून ठेवा. वर्षाची फी एकरकमी मागत असतील तर जून ते सप्टेंबरचं काय, हे आधी विचारून लिहून घ्या. नवीन नाव ऑक्टोबरमध्ये घातलेलं बरं, पुढचे सात-आठ महिने कोरडे मिळतात.