फिलिपीन्सचे वैज्ञानिक आणि श्रेयाचा प्रश्न

व्यवहारात ज्याला ट्यूबलाइट म्हणतात, तो प्रतिदीप्त दिवा आगापितो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने शोधून काढला, अशी समजूत फिलिपीन्समध्ये दीर्घकाळ प्रचलित होती. ‘फ्लोरेस’ आणि ‘फ्लुओरेसंट’ या शब्दांतील ध्वनिसाम्यामुळे ती सहज रुजली असावी. तिला आधार मात्र नाही. एदमाँ बेक्रेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास अशा नळ्यांवर प्रयोग केले होते. विक्रीयोग्य दिवा अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आला. ही कथा निराधार असल्याचे सांगणारे बेनितो व्हेर्गारा हे स्वतः फिलिपिनो असून भातपिकाचे ख्यातनाम अभ्यासक होते. अशा दंतकथेचा खरा तोटा हा की, तिच्या झगझगाटात खरे कर्तृत्व दिसेनासे होते.

एरिथ्रोमायसिनचेच पाहावे. आबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी १९४९ मध्ये इलोइलो प्रांतातील मातीचे नमुने एली लिली या अमेरिकन औषध कंपनीकडे धाडले. मातीत असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात, आणि त्यांतील काही इतर जीवाणूंची वाढ रोखणारी द्रव्ये निर्माण करतात. कंपनीच्या संशोधकांनी या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून असे द्रव्य वेगळे केले. ते जीवाणूंच्या पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना ते वरदान ठरले. हे औषध १९५२ मध्ये बाजारात आले. त्याच्या व्यापारी नावांतील ‘इलो’ ही अक्षरे इलोइलोची आठवण देतात. माती धाडणाऱ्याचे नाव मात्र त्यांत नाही. आगिलार यांनी १९९३ मध्ये कंपनीकडे लाभातील वाटा मागितला, तो त्यांना मिळाला नाही. औषध वेगळे करण्याचे कौशल्य संशोधकांचे, हे खरेच; पण मातीवाचून त्या कौशल्याला करावयास काय उरले असते?

शासनाकडून होणारा गौरव पुष्कळ उशिरा सुरू झाला. ‘राष्ट्रीय वैज्ञानिक’ ही पदवी १९७६ च्या आदेशाने निर्माण झाली व १९७८ मध्ये ती प्रथम हुआन साल्सेदो यांना मिळाली. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर जगणाऱ्यांना ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी होतो. साल्सेदो यांनी बातान प्रांतात जीवनसत्त्वयुक्त तांदूळ पुरवून, तेथे या रोगाने होणारे मृत्यू कमी करून दाखविले.

त्याच रोगावर मारिया ओरोसा यांनी त्यांच्याआधीच वेगळा मार्ग काढला होता. तांदूळ सडताना जो कोंडा टाकून देतात, त्यातच हे जीवनसत्त्व असते. ओरोसा यांनी त्याच कोंड्याची बिस्किटे केली. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून १९२२ मध्ये त्या मायदेशी परतल्या होत्या. केळ्यांचे केचप करण्याची कृतीही त्यांचीच मानली जाते. जपानी अंमलात त्यांनी केलेली सोयाबीनची पौष्टिक भुकटी बंदिवानांच्या छावणीत चोरून पोहोचविण्यात आली. मनिलातील लढाईत जीव वाचविण्यासाठी शहर सोडण्याचा आग्रह त्यांना झाला. त्यांनी काम सोडले नाही. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी तोफगोळ्याचे तुकडे लागून त्यांचा अंत झाला. मनिलातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्यांच्या कबरीचा दगड मात्र मलाते भागातील एका शाळेच्या आवारात २०२० मध्ये सापडला.