जलतरण तलावातील डॉल्फिन : एका चळवळीचा अभ्यास

समुद्रकिनारी पर्यटन वाढू लागले की हॉटेले, बाजारपेठ, वाहनतळ यांच्याबरोबर करमणुकीचे नवनवे प्रकारही येतात. त्यांपैकी एक प्रकार म्हणजे डॉल्फिनला तलावात ठेवून त्याचे खेळ दाखविणे आणि शुल्क घेऊन पर्यटकांना त्याच्यासमवेत पोहू देणे. वरवर पाहता यात कोणाचे काही बिघडत नाही. मुले आनंदतात, गावात चार पैसे येतात आणि प्राणीही हसतमुख दिसतो. हे हसू मात्र फसवे आहे. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो उपाशी असो, आजारी असो वा मरणोन्मुख असो, त्याच्या मुखावरील ती रेषा बदलत नाही. या एका गैरसमजावर हा सारा धंदा कित्येक वर्षे चालत आला, आणि तो दूर करण्यासाठी निरनिराळ्या देशांतील सामान्य नागरिकांना दीर्घकाळ झगडावे लागले.

डॉल्फिन मासा नव्हे

कोकणपट्टीतील मच्छीमार ज्याला गादा म्हणतात, तोच हा प्राणी. मासळीच्या गप्पांत त्याचे नाव येत असले तरी तो मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो आणि त्याचे रक्त उष्ण असते. माथ्यावरील नासारंध्र पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो. श्वासासाठी वर येणे त्याला झोपेतही चुकत नाही. म्हणून झोपेत त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग विश्रांती घेतो व दुसरा जागा राहतो.

त्याचे खरे इंद्रिय म्हणजे कान. तो अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून समोरचा मासा, खडक, जाळे ओळखतो. माणसाचा कान दर सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनची ही मर्यादा दीड लाख कंपनांच्या आसपास जाते. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते आणि कळपातील इतर सोबती त्या शिळेवरून त्याला ओळखतात. शाळेत हा विषय शिकविताना एवढी एकच गोष्ट सांगितली तरी विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होईल.

आता अशा प्राण्याला तलावात ठेवले असता काय होते ते पाहू. ‘डॉल्फिनला पाणी हवे, ते तर तेथे आहे,’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पूर्ण वाढलेला बॉटलनोज डॉल्फिन अडीच ते साडेतीन मीटर लांब असतो. समजा, तलाव बारा मीटर लांबीचा आहे. म्हणजे स्वतःच्या साडेतीन ते पाच देहलांब्या गेल्या की समोर भिंत. समुद्रात हाच प्राणी दिवसाकाठी कित्येक किलोमीटर फिरतो आणि खोलवर बुड्या मारतो. गुळगुळीत काँक्रीटच्या भिंतींत त्याच्या प्रतिध्वनीच्या इंद्रियाला शोधण्यासारखे काही उरत नाही. उलट पंपाची घरघर आणि ध्वनिवर्धकावरील संगीत मात्र अखंड ऐकावे लागते. पाणी स्वच्छ दिसावे म्हणून त्यात क्लोरीन टाकतात. माणूस तासाभराने तलावातून बाहेर येतो. डॉल्फिन रात्रंदिवस त्याच पाण्यात राहतो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगतची तीच हवा श्वासावाटे घेतो. डोळे व त्वचा यांचे विकार यातून उद्भवतात.

अन्नाचीही तीच कथा. डॉल्फिन समुद्राचे खारे पाणी पिऊन तहान भागवीत नाही. शरीराला लागणारे पाणी त्याला मुख्यतः ताज्या माशांतून मिळते. बंदिवासात त्याला शीतगृहातील गोठवलेले मासे दिले जातात, तेही बहुधा खेळाचा मोबदला म्हणून. उडी मारली की मासा, शेपटीवर उभे राहिले की मासा. प्रेक्षक ज्याला हौस समजतात, ती पुष्कळदा भूक असते.

हिसारोनूचे दोन डॉल्फिन

या चळवळीचा सर्वांत बोधप्रद प्रसंग तुर्कस्तानात घडला. त्या देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर फेथिये शहराजवळ ओलुदेनिझ हे प्रसिद्ध पर्यटनस्थळ आहे. त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात हिसारोनू नावाची वस्ती आहे. तेथे समुद्र नाही. तरीही जून २०१० मध्ये तेथील काँक्रीटच्या एका लहानशा तलावात टॉम आणि मीशा या नावांचे दोन नर डॉल्फिन आणून सोडण्यात आले. दोघेही २००६ मध्ये एजियन समुद्रातून पकडलेले होते. हिसारोनूला येण्यापूर्वी त्यांना काश या किनारी गावी ठेवले होते. तेथे निदान समुद्र तरी जवळ होता. डोंगरातील तलावात पर्यटक पैसे भरून त्यांच्यासोबत पोहू लागले. पाणी गाळण्याची व्यवस्था अपुरी होती. काही आठवड्यांतच तलावाच्या तळाशी मृत मासे व विष्ठा साचू लागली आणि डॉल्फिनांची प्रकृती ढासळत गेली.

याविरुद्ध पहिला आवाज उठविला तो स्थानिक रहिवाशांनी आणि तेथे आलेल्या काही पर्यटकांनी. त्यांनी तलावाची छायाचित्रे लोकांसमोर ठेवली, निदर्शने केली आणि हा प्रश्न देशाबाहेरही पोहोचविला. सप्टेंबर २०१० मध्ये बॉर्न फ्री फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने दोन्ही डॉल्फिनांची जबाबदारी स्वीकारली आणि त्यांना गोकोवाच्या उपसागरात जाळ्यांनी वेढलेल्या सागरी कुंपणात नेण्यात आले. गर्दीच्या हंगामात, तेही परदेशी पाहुण्यांवर ज्यांची उपजीविका अवलंबून आहे अशा गावात, धंद्याविरुद्ध बोलणे सोपे नसते. त्या रहिवाशांचे धैर्य यासाठी अधिक मोलाचे मानले पाहिजे.

परंतु तलाव सुटला म्हणजे प्रश्न सुटला असे झाले नाही. चार वर्षे आयत्या मृत माशांवर जगलेल्या प्राण्याला जिवंत मासा हे अन्न वाटेनासे होते. माणूस दिसला की तोंड उघडून जवळ जाण्याची सवय जडलेली असते. समुद्रात हीच सवय त्याचा घात करू शकते. जेफ फॉस्टर या अनुभवी अमेरिकन प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली त्यांना उलटे शिक्षण देण्यात आले. जिवंत माशांची ओळख पुन्हा करून देण्यात आली, पोहण्याची ताकद वाढविण्यात आली आणि माणसांचा सहवास हळूहळू कमी करण्यात आला. एका परीने ही शिकविलेले विसरविण्याची शाळा होती. ती २० महिने चालली. मे २०१२ मध्ये कुंपणाचे जाळे उघडले आणि दोघे खुल्या समुद्रात गेले. त्यांच्या पाठीवरील परांना बसविलेल्या यंत्रांचे संदेश पुढे काही काळ उपग्रहांमार्फत मिळत राहिले. ते उपसागर सोडून दूर गेल्याचे त्यांवरून समजले.

दोन प्राण्यांसाठी वीस महिने, कुंपण, पशुवैद्य, जिवंत मासळी आणि देखरेख करणारे कर्मचारी. ज्या धंद्याने त्यांना पकडून आणले, त्याच्या हिशेबाच्या वहीत यांपैकी एकही खर्च कधी लिहिलेला नव्हता.

इंडोनेशियातील बाली बेटावरही असेच घडले. तेथील एका हॉटेलच्या क्लोरीनयुक्त तलावात ठेवलेले डॉल्फिन २०१९ मध्ये सोडविण्यात आले. त्यांच्यावर पश्चिम बालीतील सागरी केंद्रात उपचार झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील जॉनी, रॉकी व रॅम्बो या डॉल्फिनांना मोकळ्या समुद्राची वाट खुली करून देण्यात आली. या कामात अग्रभागी असलेल्या डॉल्फिन प्रोजेक्ट या संस्थेचे संस्थापक रिक ओबॅरी हे पूर्वी ‘फ्लिपर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठी डॉल्फिनांना शिकवीत असत. त्या मालिकेतील कॅथी ही डॉल्फिन मादी १९७० मध्ये मरण पावली. त्यानंतर त्यांनी तो व्यवसाय सोडून त्याच वर्षी ही संस्था सुरू केली.

कायद्याचा बडगा आणि मापाची पट्टी

ब्रिटनचा अनुभव अधिकाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा असा आहे. १९७० नंतरच्या दशकात त्या देशात तीसच्या आसपास डॉल्फिन-प्रदर्शने चालत. काही तर माणसांच्या पोहण्याच्या तलावांतच. आज तेथे एकही नाही. शेवटचे १९९३ मध्ये बंद झाले. आश्चर्याची गोष्ट अशी की त्यासाठी बंदीचा कायदा करावा लागला नाही. १९८६ मध्ये शासनाने तज्ज्ञांकडून या प्रदर्शनांची पाहणी करून घेतली आणि तलावाची लांबी, रुंदी, खोली किती असावी याची माने सुचविण्यात आली. ती पाळायची तर तलाव नव्याने बांधावे लागणार होते. इकडे मोरकॅम्बसारख्या किनारी गावात चळवळीचे लोक प्रवेशद्वारापाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला आतली परिस्थिती समजावून सांगत होते. गल्ला घटला आणि खर्च मात्र वाढणार, अशा पेचात मालकांनी आपणहून दारे बंद केली. मोरकॅम्ब येथे सुमारे २० वर्षे ठेवलेला रॉकी नावाचा दुसरा एक डॉल्फिन १९९१ मध्ये कॅरिबियन समुद्राकडे रवाना झाला.

प्रवाशाच्या खिशावर भर देण्याची हीच नीती पुढे अधिक व्यापक झाली. ट्रिपॲडव्हायझर या कंपनीने २०१९ मध्ये व एक्स्पीडिया या कंपनीने २०२१ मध्ये, बंदिस्त डॉल्फिनांच्या खेळांची तिकिटे विकणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला.

भारताची भूमिका

आपल्या देशातही हा प्रयोग होऊन चुकला आहे. १९९८ मध्ये बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन चेन्नईजवळच्या एका करमणूक केंद्रात काही महिन्यांतच दगावले. तरीही पुढे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावर, केरळात कोची येथे व अन्यत्र अशा प्रकल्पांच्या योजना पुढे आल्या. प्राणिसंरक्षण संस्थांच्या देशव्यापी महासंघाने त्याविरुद्ध मोहीम चालविली. अखेर १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून, डॉल्फिन-प्रदर्शनाच्या कोणत्याही प्रस्तावास मान्यता देऊ नये असे राज्यांना कळविले. डॉल्फिन बंदिवासात नीट जगत नाहीत हे कारण त्यात आहेच. शिवाय, त्यांची बुद्धिमत्ता पाहता काही शास्त्रज्ञ त्यांना मानवेतर ‘व्यक्ती’ समजावे असे म्हणतात, हा विचारही त्यात नमूद केला आहे. शासकीय परिपत्रकात असे वाक्य क्वचितच आढळते. गंगेतील डॉल्फिनला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले गेले होते, याचीही आठवण येथे ठेवावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे कडक संरक्षण डॉल्फिनांना आहे. त्यांना पकडणे हा गुन्हा आहे.

ग्रामपंचायतीपासून पर्यटन खात्यापर्यंत जेथे असा प्रस्ताव येईल, तेथे तो ‘मत्स्यालय’, ‘सागरी उद्यान’ वा ‘शैक्षणिक केंद्र’ अशा कोणत्याही नावाने येऊ शकतो. आराखड्यात डॉल्फिनसाठी तलाव आहे काय एवढे पाहणे पुरेसे आहे. रोजगाराचे आमिष असतेच. परंतु हिसारोनूचा तलाव काही महिन्यांतच बंद पडला, हेही ग्रामसभेत सांगता येईल.

गोवा व सिंधुदुर्ग येथे डॉल्फिन पाहण्याचा मोकळा मार्ग उपलब्ध आहे. सिकेरी, मोरजी, पाळोळे येथून तसेच मालवण-तारकर्लीकडून त्यासाठी होड्या जातात. येथे मुख्यतः दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला हिंदी महासागरी डॉल्फिन. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरतो, म्हणूनच जाळी आणि होड्या यांच्याशी त्याची गाठ वारंवार पडते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने ही जात संकटग्रस्त ठरविली आहे. डॉल्फिन दाखवू अशी हमी देऊन पाच-सहा होड्यांनी एका कळपाला घेरणे, हीदेखील एक प्रकारची कोंडीच होय. अंतर राखून यंत्र मंद केले, कळपाची वाट अडविली नाही आणि पिलासोबतच्या मादीचा पाठलाग टाळला, तर होडीवाल्याचा व्यवसायही चालतो. शिक्षकांना होडीचीही गरज नाही. पावसाळा संपल्यावर, सकाळी वारा पडलेला असताना, किनाऱ्यावरील एखाद्या उंच कड्यावर वर्ग नेऊन बसविला आणि धीर धरला, तर पाण्यावर क्षणभर वर येणाऱ्या करड्या पाठी कित्येकदा तेथूनही दिसतात.