कानाचें दुसरें काम

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा हीं पांच ज्ञानेंद्रियें आपण अगदीं खालच्या इयत्तेंत पाठ केलेलीं असतात. परंतु या यादींत एक महत्त्वाचें इंद्रिय राहून गेलें आहे. आपण सरळ उभे आहों कीं कललों आहों, डोकें उजवीकडे वळलें कीं डावीकडे, हें आपणांस क्षणोक्षणीं सांगणारें तें इंद्रिय होय. त्याला बाहेरून दिसेल असा अवयव नाहीं. तें कानाच्या अगदीं आंतल्या भागांत, कानशिलाच्या टणक हाडांत दडलेलें आहे. ऐकणें हें कानाचें पहिलें काम. शरीराचा तोल राखण्यास मदत करणें हें दुसरें. हें दुसरें काम ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरीं दुखणाइताविषयीं गैरसमज होतो, आणि कधीं कधीं तें मुलाच्या जिवावरही बेततें. म्हणून हा विषय पालकांनींही समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम या यंत्राची रचना पाहूं. प्रत्येक कानांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशा एकमेकींशीं काटकोन करून मिळतात, तशाच या नलिका साधारणपणें एकमेकींशीं काटकोनांत बसविलेल्या आहेत. “होय” म्हणतांना मान खालींवर होते, “नाहीं” म्हणतांना ती डावीउजवीकडे फिरते, आणि कंटाळलेला विद्यार्थी ती खांद्यावर टाकतो. या तिन्ही हालचालींची नोंद या नलिका मिळून करतात. नलिकांत पातळ द्रव भरलेला असून प्रत्येकीच्या एका टोकाशीं असलेल्या फुगीर भागांत एक मऊ, लिबलिबीत पडदा आडवा उभा असतो. त्यांत सूक्ष्म केंस असलेल्या पेशींचे तुरे रोवलेले असतात. डोकें वळलें म्हणजे नलिका वळते, पण आंतील द्रव क्षणभर मागें रेंगाळतो. त्याच्या दाबानें पडदा वाकतो, केंसही वाकतात, आणि त्या पेशी मज्जातंतूच्या द्वारें मेंदूला वर्दी देतात.

हें घरीं पडताळून पाहण्यास एक परात पुरे. परातींत पाणी घालून त्यावर गवताची काडी तरंगत ठेवा व परात झटकन् फिरवा. परात फिरेल, काडी मागें राहील. आतां परात बराच वेळ फिरवीत राहा. हळूहळू पाणीही तिच्याबरोबर फिरूं लागेल. मग ती एकदम थांबवा. परात थांबली तरी काडी फिरतच राहील. नागपंचमीला फुगडी खेळणाऱ्या मुलींच्या कानांत हेंच घडतें. फुगडी थांबते, पाय स्थिर होतात, परंतु नलिकेंतील द्रव पुढें जाऊं पाहतो व पडद्यास उलट बाजूला वाकवतो. मेंदूस वाटतें, आपण आतां विरुद्ध दिशेनें फिरत आहों. पाय म्हणतात “थांबलों”, कान म्हणतो “फिरतों आहों”. या भांडणालाच आपण घेरी किंवा चक्कर म्हणतों. पडदा पुन्हां सरळ झाला कीं घेरी ओसरते.

या नलिकांच्या मुळाशीं दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. त्यांतील केंसाळ पेशींवर एक चिकट थर असून त्यावर चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. ते जड असल्यामुळें डोकें कललें कीं पृथ्वीच्या ओढीनें तेही त्या बाजूस सरकूं पाहतात. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे कीं नाहीं हें ठरवितो. आपल्या कानांतील ओळंबा तो हाच. डोळे मिटले असतांही वर कोणतें व खालीं कोणतें हें आपणांस कळतें, त्याचें मुख्य कारण हे स्फटिक होत.

याच यंत्राचा आणखी एक उपयोग आहे. डोकें स्थिर ठेवून हा अंक डोळ्यांसमोर भरभर डावीउजवीकडे हलवा. अक्षरें पुसट होतील. आतां अंक स्थिर ठेवून तितक्याच वेगानें डोकें हलवा. अक्षरें वाचतां येतील. डोकें वळतांच कानाकडून निघालेली आज्ञा सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत डोळ्यांना पोंचते, आणि डोळे तितकेच उलट दिशेस वळून नजर जागेवर ठेवतात. ही सोय गेली तर काय होतें? १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला. क्षयाच्या असंख्य रोग्यांस त्यानें जीवदान दिलें. परंतु कित्येकांच्या कानांतील या केंसाळ पेशी त्यानेंच मारल्या. अशा एका अमेरिकन डॉक्टरानें १९५२ सालीं आपली हकीकत प्रसिद्ध केली. नाडीच्या ठोक्यानें डोकें जें किंचित् हलतें, तेवढ्यानेंही त्यांना अक्षरें नाचतांना दिसत. म्हणून पलंगाच्या दोन गजांमध्यें डोकें घट्ट टेकवून त्यांना वाचावें लागे. त्याच कुळांतलें जेंटामायसिन आजही वापरांत आहे. गरज असतां तें घ्यावेंच लागतें. परंतु मात्रा व दिवस डॉक्टरांनीं ठरवावे, आणि उपचार चालू असतां चालतांना झोक जाऊं लागला किंवा कानांत नाद होऊं लागला तर त्यांना त्याच दिवशीं सांगावें.

आतां एक गोष्ट ध्यानांत ठेवा. तोलाच्या कामांत कान एकटा नाहीं. डोळे, कान आणि पायांचे तळवे व सांधे असे तीन साक्षीदार मेंदूपुढें सतत साक्ष देत असतात. लातूरहून अहमदपूर व लोहा या मार्गानें नांदेडला येणाऱ्या एस. टी. मध्यें पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलाला मळमळतें, याचें कारण या साक्षी जुळत नाहींत: डोळे पानावर खिळून “आपण स्थिर आहों” म्हणतात, आणि कान प्रत्येक वळणाची व खड्ड्याची वर्दी देत असतो. अशा वेळीं पुस्तक मिटून दूरच्या शेताकडे पाहावें, म्हणजे डोळे व कान एकमत होतात. उलट, एक साक्षीदार मुका झाला तरी बाकीचे दोघे पुष्कळ काळ काम निभावून नेतात. त्यामुळेंच कानांतील दोष दिवसाउजेडीं, सपाट जमिनीवर कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

तो दोष शोधण्याची एक युक्ति व्हिएन्ना येथील डॉ. रॉबर्ट बारानी यांना सांपडली. ते रोग्यांचे कान पाण्यानें धूत असत. पाणी गार असलें कीं रोग्यास घेरी येई व त्याचे डोळे एका दिशेस झटके देत; पाणी फार ऊन असलें तर झटक्यांची दिशा उलटे. पाण्याच्या उष्णतेनें किंवा गारव्यानें नलिकेंतील द्रव हलतो, हें त्यांनीं ताडलें, आणि प्रत्येक कानाची स्वतंत्र परीक्षा शक्य झाली. या कार्याबद्दल त्यांना १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ती बातमी पोंचली तेव्हां ते रशियांत युद्धकैदी होते.

ऐकण्याचा शंख व तोलाच्या नलिका शेजारीं शेजारीं असून त्यांत एकच द्रव खेळतो. म्हणून जन्मतः किंवा मेंदूज्वरासारख्या आजारानें बहिऱ्या झालेल्या कित्येक मुलांचें दुसरें कामही बंद पडलेलें असतें. १८८२ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे विल्यम जेम्स यांनीं ५१९ मूकबधिरांना गरगर फिरवून केलेल्या परीक्षेचा वृत्तांत दिला. त्यांपैकीं १८६ जणांना किंचितही घेरी आली नाहीं. ऐकूं येणाऱ्या सुमारें दोनशे जणांत असा अवघा एक निघाला. घेरी न येणें हें भाग्य वाटेल; परंतु तसें तें नाहीं. अशीं मुलें उशिरां चालूं लागतात, अंधारांत धडपडतात. कोणी त्यांना वेंधळीं म्हणतो, कोणी हंसतो. तीं वेंधळीं नसतात. दोन साक्षीदारांवर तिघांचें काम चालवीत असतात.

खरा धोका पाण्यांत आहे. आपल्याकडे मुलें विहिरींत, नदींत पोहावयास शिकतात. नांदेडास तर गोदावरी गांवालगतच वाहते. पाण्यांत बुडी मारली कीं पायांखालीं जमीन नसते, आणि पावसाळ्यांतील गढूळ पाण्यांत डोळ्यांनाही दिसत नाहीं. उरला एकटा कान. तोही मुका असेल तर मूल वर जाण्याच्या समजुतीनें तळाकडे हात मारूं लागतें. कांठावरून मारलेली हांकही त्याला ऐकूं येत नाहीं. अशा मुलांना पोहूं देऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. त्यांच्या तोलाची परीक्षा कानाच्या डॉक्टरांकडून आधीं करून घ्यावी. उथळ व स्वच्छ पाण्यांत, हाताच्या अंतरावर जाणता माणूस असतांनाच शिकवावें. अंधार पडल्यावर मुळींच उतरूं देऊं नये.

घरांतील वडीलधाऱ्यांविषयींही दोन शब्द. उतारवयांत कधीं कधीं पिशवींतील स्फटिक सुटून नलिकेंत शिरतात. मग कूस बदलतां किंवा मान वर करतां खोली गरगर फिरते. बहुधा मिनिटाच्या आंत थांबते. अशा वेळीं भानामतीचा संशय घेण्याची रीत आपल्या मराठवाड्यांत जुनी आहे. तिचें कांहीं कारण नाहीं. जाणता डॉक्टर रोग्याचें डोकें ठराविक क्रमानें वळवून ते कण परत पिशवींत आणतो, आणि बहुतेकांना लगेच बरें वाटतें. मात्र घेरीबरोबर बोबडी वळली, तोंड वांकडें झालें किंवा हातपाय लुळा पडला, तर तें दुखणें मेंदूचें समजून विनाविलंब रुग्णालय गांठावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून दोन गोष्टी घडाव्या. घरीं आजीआजोबा रात्रीं उठत असतील तर त्यांच्या वाटेवर एक लहान दिवा जळता ठेवा. म्हणजे त्यांचे डोळे तरी साक्षीस हजर राहतील. आणि वर्गांतला एखादा बहिरा सोबती संध्याकाळीं खेळून परततांना मागें राहिला, तर त्याला हंसूं नका. त्याचा हात धरून उजेडाच्या बाजूनें त्याला घरीं पोंचवा.