आधी ठरव, मग मर्ज कर

चि. मुक्ता हिस,


गॅदरिंगच्या नावनोंदणीच्या दोन याद्या एकत्र करणारा तुझा पायथनचा कोड वाचला. चालतो छान. पण ‘मामा, लिस्ट मर्ज करायची बरोबर पद्धत कोणती?’ याचं उत्तर पायथनकडे नाही, ते तुलाच द्यायचंय.

मर्ज करण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे कशावरून ओळखायचं? दोन्हींत फरक असला तर कोणती खरी धरायची? आणि शेवटच्या यादीचा क्रम कोणता?

तू ठरवलं नाहीस, तर वापरलेलं साधन परस्पर ठरवून टाकतं. अधिकच्या चिन्हाने लिस्ट जोडल्यास तर दुबार नावं दुबारच राहतात. सेट केलास तर क्रमाची हमी जाते; शिवाय तुझी प्रत्येक नोंद डिक्शनरी आहे, ती सेटमध्ये घालायला गेलीस की टाइपएरर येतो. फोन नंबर ‘की’ धरून डिक्शनरी भरलीस, तर नंतरची नोंद आधीची पुसते, पण जागा मात्र पहिलीचीच राहते. या क्रमाची हमी पायथन ३.७ पासून भाषाच देते. दोन लिस्टच्या जोड्या लावणारं झिप तर फारच गुपचूप काम करतं. ४० नावं आणि ३८ पावत्या दिल्यास, तर ३८ जोड्या करून मोकळं होतं. म्हणून ३.१० मध्ये त्याला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय दिला. तो लावला की लांबी जुळली नाही तर एरर येतो.

मोठ्या प्रणालींतही हेच आहे. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये बदल लागू करताना स्ट्रॅटेजिक मर्ज पॅच कंटेनरांची यादी नावावरून जुळवतो. जेसन मर्ज पॅच मात्र जुनी यादी सगळी काढून नवी बसवतो. पॅच तोच, निकाल वेगळा.

आता तुझ्या फंक्शनकडे ये. तू त्याला पाच ट्रू-फॉल्स पॅरामीटर दिलेस. त्यांच्या ३२ जुळण्या होतात. त्या सगळ्या कोण तपासणार? त्याऐवजी दोन फंक्शनं बाहेरून घे. पहिलं नोंदीवरून ओळख काढेल: तुझ्या बाबतीत मोबाइल नंबरचे शेवटचे दहा अंक, कारण एका यादीत +९१ आहे आणि दुसरीत नाही. दुसरं जुनी आणि नवी नोंद घेऊन राखायची ती परत देईल. ‘पहिली ठेव’, ‘नंतरची ठेव’, ‘रिकामे रकाने दुसरीवरून भर’ अशी नावं दिलीस, की वाचणाऱ्याला विचारावं लागणार नाही.

यातलं काहीच सांगितलं नसेल तर? तिथे फंक्शनने अंदाज बांधू नये, सरळ एरर द्यावा. एरर आला तर पाच मिनिटं जातात. गुपचूप गळलेलं नाव मात्र कार्यक्रमाच्या दिवशी दारात उभं राहतं. आणि आलेल्या लिस्टना हात लावू नकोस, नवीनच परत दे. ‘+=’ लिहिलंस तर मूळ लिस्टच बदलते.

टेस्ट लिहिताना रिकामी यादी आणि एकाच यादीत दोनदा आलेला माणूस, हे दोन्ही विसरू नकोस. आणि कोडला हात लावण्याआधी वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत लिहून मला पाठव. ती एकेका वाक्यात बसली, तर कोड आपोआप सोपा होईल.

तुझा,
मामा